रोबोटचं काम परिषदेत मांडायचंय? आधी मायक्रोलिटरचा हिशोब चोख ठेवा

प्रयोगशाळेतल्या स्वयंचलनाच्या परिषदेत रोबोटचा हात प्लेट (बारीक खळग्यांचा प्लॅस्टिकचा ट्रे) उचलतानाचा व्हिडिओ पाहून कुणी थांबत नाही. तिथल्या जवळजवळ प्रत्येकाकडे तसा हात असतो. पोस्टरपुढे माणसं थांबतात आणि प्रश्न विचारतात ते आकड्यांवर: नेमकं किती द्रव पडतं, किती वेळा तसंच पडतं, किती वेळा अडकतं, आणि अडकलं तर कशामुळे. ही उत्तरं परिषदेच्या आदल्या आठवड्यात तयार होत नाहीत, त्यामुळे या लेखाचा मोठा भाग मोजणीचा आहे. पोस्टर, डेमो आणि प्रवास त्यानंतर येतील.

या क्षेत्रातली सर्वात मोठी संस्था म्हणजे सोसायटी फॉर लॅबोरेटरी ऑटोमेशन अँड स्क्रीनिंग, बोलण्यात ‘स्लास’. लॅबोरेटरी ऑटोमेशनची आणि बायोमॉलिक्युलर सायन्सेसची अशा दोन जुन्या संस्था २०१० मध्ये एकत्र आल्या आणि ती तयार झाली. तिची मुख्य परिषद हिवाळ्यात अमेरिकेत भरते: २०२३ मध्ये सॅन डिएगो, २०२४ मध्ये बॉस्टन, २०२५ मध्ये पुन्हा सॅन डिएगो. युरोपची परिषद वेगळी असते. ती २०२४ मध्ये बार्सिलोनाला आणि २०२५ मध्ये हॅम्बुर्गला झाली. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतून पहिल्यांदा जाणाऱ्यांनी युरोपच्या परिषदेचाही विचार करावा. ती लहान असल्यामुळे पोस्टरपाशी निवांत बोलता येतं.

आधी ठरवा, दावा कोणता करायचा

‘आमची यंत्रणा अचूक आणि वेगवान आहे’ हा दावा म्हणून उपयोगाचा नाही. ‘८ चॅनेलच्या पिपेटने ५० मायक्रोलिटर पाणी ९६ वेलच्या प्लेटमध्ये टाकताना सरासरी चूक १ टक्क्याच्या आत आणि सीव्ही २ टक्क्यांच्या आत राहतो’ हा दावा तपासता येतो, फक्त टिप कोणती तेवढं जोडायचं. (वेल म्हणजे प्लेटमधला एक खळगा, चॅनेल म्हणजे पिपेटची एकेक नळी, टिप म्हणजे तिला लावायचं बदलतं टोक, आणि सीव्ही म्हणजे प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत.) द्रव कोणता, आकारमान किती, टिप कोणती, प्लेट कोणती, पिपेट कोणती, या पाच गोष्टींपैकी एक जरी सांगायची राहिली तरी आकडा लटका पडतो. स्वयंचलित लिक्विड हँडलिंग (द्रव उचलून टाकणाऱ्या) यंत्रणांची कामगिरी कशी मोजावी आणि कशी कळवावी यासाठी २०२२ मध्ये आयएसओ २३७८३ हे तीन भागांचं मानक आलं. ते अक्षरशः पाळणं लहान प्रयोगशाळेला जमेलच असं नाही. पण आकडे त्याच्या शब्दांत मांडले तर समोरच्याशी बोलणं सोपं जातं.

तपासायची आकारमानं पिपेटच्या कमाल क्षमतेच्या १०, ५० आणि १०० टक्के धरा. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये सर्वात कमी लागणारं आकारमान यांत येत नसेल तर तेही घ्या, कारण बहुतेक भानगडी तिथेच होतात.

वजनावरून सरासरी

यासाठी मायक्रोबॅलन्स लागतोच असा समज आहे. एकेक थेंब तोलायचा असेल तर लागतो. पूर्ण प्लेट एकदम तोलली तर ५० मायक्रोलिटरचे ९६ वेल मिळून साधारण ४.८ ग्रॅम पाणी होतं आणि १ मिलिग्रॅम वाचणारा साधा बॅलन्सही पुरतो. ५ मायक्रोलिटरसाठी एकूण पाणी अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच राहतं. तिथे ०.१ मिलिग्रॅमचा बॅलन्स आणि वाऱ्यापासून आडोसा हवाच. प्लेट १२८ मिलिमीटर लांब असते, त्यामुळे ती बॅलन्सच्या काचेच्या पेटीत मावते का हे आधी पाहून घ्या.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड घ्या आणि ते, टिप्स व प्लेट किमान दोन तास रोबोटच्याच खोलीत ठेवा. फ्रिजमधून काढलेलं पाणी लगेच वापरलं तर टिपमधली हवा आकसते आणि आकडा भलताच येतो. एसीचा झोत डेकवर, म्हणजे रोबोटच्या कामाच्या ओट्यावर, येत असेल तर त्याची दिशा बदला. खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की बाष्पीभवन वाढतं.

आता क्रम असा. रिकामी प्लेट तोला. रोबोटने ती भरा आणि भरायला किती वेळ लागला ते नोंदवा. लगेच तोला. मग प्लेट तितकाच वेळ डेकवर उघडी ठेवून पुन्हा तोला. या दुसऱ्या टप्प्यात जितकं वजन घटलं त्याच्या निम्मं, भरताना उडालेलं पाणी म्हणून परत मिळवा. निम्मं घ्यायचं कारण, पहिला रकाना पूर्ण वेळ उघडा असतो आणि शेवटचा जवळजवळ नसतोच.

समजा रिकामी प्लेट ४१.२३८ ग्रॅम आणि भरलेली ४५.९६१ ग्रॅम आली. फरक ४७२३ मिलिग्रॅम. नंतरच्या तीन मिनिटांत २० मिलिग्रॅम घटले, म्हणून १० मिळवा: ४७३३. वजनाचं आकारमान करताना पाण्याची घनता आणि हवेची उचल या दोन्हींसाठी झेड गुणक लावतात. २० अंश सेल्सिअसला तो १.००२९ आहे, २७ अंशांना १.००४५. खोली २७ अंशांवर असेल तर ४७३३ × १.००४५ = ४७५४ मायक्रोलिटर, भागिले ९६ म्हणजे ४९.५२. हवे होते ५०, म्हणजे चूक जवळपास उणे १ टक्का. गुणक विसरला असता तर हीच चूक उणे १.४ टक्के दिसली असती आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसला असता.

पुण्यासारख्या उंचीवरच्या शहरात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. साधारण ५६० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने झेड गुणकात चौथ्या दशांशाला जेमतेम एकाचा फरक पडतो. पण हवेच्या दट्ट्यावर चालणाऱ्या पिपेटमध्ये टिपमधल्या पाण्याच्या वजनाने वरची हवा थोडी ताणली जाते, आणि दाब कमी असला की ती जास्त ताणली जाते. त्यामुळे समुद्रसपाटीवर जुळवलेली पिपेट उंचीवर किंचित कमी उचलते. कारखान्याचा दाखला जोडून काम भागत नाही. मोजणी जिथे यंत्र चालतं तिथेच व्हायला हवी.

रंगावरून वेल-वेलमधला फरक

वजनावरून फक्त सरासरी कळते. एका वेलमध्ये ४५ आणि शेजारच्यात ५५ पडले तरी सरासरी ५० येते. वेलनिहाय फरकासाठी टारट्राझीन हा पिवळा रंग आणि प्लेट रीडर (प्रत्येक वेलमध्ये प्रकाश किती शोषला गेला ते मोजणारं यंत्र) पुरतात. टारट्राझीनचं शोषण ४२७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतं. २० मायक्रोलिटर तपासायचे असतील तर मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅम रंगापासून सुरुवात करा आणि वाचन ०.५ ते ०.८ मध्ये येईल असं जुळवा. ५ मायक्रोलिटरसाठी रंग चौपट दाट लागेल. पाच पातळ्यांची मालिका वाचून वाचन सरळ रेषेत वाढतंय ना, हे एकदा पाहून घ्या.

सपाट तळाच्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये आधी १८० मायक्रोलिटर पाणी हाताच्या पिपेटने टाका, मग रोबोटने २० मायक्रोलिटर रंग. पाणी हाताने टाकल्याने चूक वाढेल अशी शंका येते, पण इथे प्रकाश वरून खाली जातो. पाणी जास्त पडलं तर रंग पातळ होतो, पण प्रकाशाची वाट तितकीच लांबते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. वाचन ठरतं ते वेलमध्ये एकूण किती रंग पडला त्यावर, आणि तेच आपल्याला हवं आहे. पाणी पूर्वी घातल्यामुळे रंगाचा थेंब टिपला लटकत राहत नाही, हा दुसरा फायदा.

प्लेट दोन मिनिटं शेकरवर हलवा आणि बुडबुडे असतील तर कमी वेगावर मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा. ४२७ वर वाचा, शिवाय टारट्राझीन जिथे शोषत नाही अशा ६२० नॅनोमीटरवर वाचून ते वजा करा. प्लेटवरचे ओरखडे आणि धूळ अशाने निघून जातात. मग तीच प्लेट १८० अंश फिरवून पुन्हा वाचा. फरकाचा नमुना प्लेटबरोबर फिरला तर तो रोबोटचा, जागच्या जागी राहिला तर रीडरचा. या दोन मिनिटांच्या कामामुळे कित्येक चुकीचे निष्कर्ष टळतात.

एका दिवशी तीन प्लेट, असे तीन वेगवेगळे दिवस करा. एकाच दुपारी काढलेल्या नऊ प्लेट दिसायला सुंदर येतात, पण सोमवारी सकाळी यंत्र कसं वागेल हे त्यांतून कळत नाही.

प्लेटचा नकाशा वाचायला शिका

सगळ्या वेलचा मिळून एक सीव्ही काढून थांबू नका. आकडे प्लेटच्या मांडणीत रंगवून पाहा.

एखादी आडवी ओळ, म्हणजे ए ते एचपैकी एक, सतत फिकट दिसली तर आठपैकी तो चॅनेल गळतोय. बहुतेकदा ओ-रिंग (टिप घट्ट बसवणारी रबरी कडी) झिजलेली असते किंवा टिप तिरकी बसते. आठांतला एक चॅनेल ४ टक्के कमी देत असला तरी एकूण सीव्ही फार तर १.३ टक्क्यांनी बिघडतो आणि नजरेतून सुटतो. म्हणून चॅनेलनिहाय सरासरी वेगळी छापायचीच.

उभे पट्टे दिसले तर कामाच्या क्रमाकडे पाहा. एकदा उचलून अनेक वेलमध्ये थोडं थोडं सोडत असाल तर पहिला आणि शेवटचा भाग इतरांहून वेगळा पडतो. यावर उपाय म्हणजे थोडं जादा उचलायचं, पहिला भाग परत स्रोतात सोडायचा आणि शेवटचा टाकून द्यायचा. कडेचे वेल दाट दिसले तर वाचायला उशीर झालाय आणि पाणी उडून मेनिस्कस (द्रवाचा वक्र पृष्ठभाग) बदललाय अशी शक्यता असते. एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे हळूहळू उतार दिसला तर डेकची पातळी आणि टिपची उंची तपासा. नकाशा ठिगळांसारखा, कुठल्याच शिस्तीत न बसणारा आला तर पहिला संशय टिपच्या बाहेर चिकटलेल्या थेंबांवर घ्या: टिप द्रवात २ ते ३ मिलिमीटरच बुडवा, जास्त नको.

पाण्यावर जुळवलेलं इतर द्रवांना चालत नाही

परिषदेत हमखास येणारा प्रश्न: ‘हे आकडे पाण्याचे, मग तुमच्या खऱ्या रिएजंटचं काय?’

ग्लिसरॉलमधले एन्झाइम दाट असतात. नेहमीच्या वेगाने उचलले तर टिपमध्ये हवा शिरते. वेग पाण्याच्या चौथाईवर आणा, उचलल्यावर एक-दोन सेकंद टिप तिथेच थांबवा, मग हळू बाहेर काढा. सोडतानाही तसंच. मॅग्नेटिक बीड्स धुवायचं ८० टक्के इथेनॉल उलट वागतं. त्याची वाफ टिपमधली हवा फुगवते आणि वाटेतच थेंब गळतात. आधी दोन-तीनदा वर-खाली करून टिप ओली करा आणि उचलल्यावर खाली ५ ते १० मायक्रोलिटर हवेचा थर घ्या. प्रथिनं किंवा डिटर्जंट असेल तर टिप रिकामी करणारी शेवटची हवेची फुंकर द्रवाच्या आत मारू नका, फेस होतो. डीएमएसओ हा द्रावक १८.५ अंशांना गोठतो आणि हवेतलं पाणी शोषतो. थंड एसीच्या खोलीत ठेवलेल्या प्लेटमध्ये काही वेल गोठलेले निघतात आणि रोबोट ते मुकाट्याने ‘उचलतो’. द्रवाची पातळी ओळखणारा सेन्सर विजेच्या धारितेवर चालत असेल तर फेसालाही तो पातळी समजतो, हेही विसरू नका.

प्रत्येक द्रवासाठीच्या या सेटिंग्जना आपण लिक्विड क्लास म्हणतो. पोस्टरवर सीव्हीशेजारी उचलण्याचा वेग, थांबा, हवेचा थर आणि फुंकर हे चार आकडे छापा. लोक त्यांचा फोटो काढून नेतात, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला उपयोगी पडणारा भाग खरा हाच असतो.

प्लेट हलवणाऱ्या हाताचं वेगळंच

सर्व मायक्रोप्लेटचा पाया १२७.७६ × ८५.४८ मिलिमीटर असतो, हे मानक एकच आहे. ९६ वेलमध्ये दोन वेलचं अंतर ९ मिलिमीटर, ३८४ मध्ये ४.५, १५३६ मध्ये २.२५. मात्र कडेच्या पट्टीची उंची आणि प्लॅस्टिकची घसरण कंपनीगणिक बदलते. ग्रिपर एका कंपनीच्या प्लेटवर शिकवला आणि आयत्या वेळी दुसरीची आली तर ती निसटते किंवा तिरकी बसते. झाकणाखाली ओल धरली तर झाकण उचलताना प्लेटही वर येते. प्लेटचा कॅटलॉग क्रमांक प्रोटोकॉलच्या फाइलमध्येच लिहिण्याची सवय लावा.

‘कधी अडकत नाही’ हे किती वेळा पाहिलं?

२० वेळा रन केला, एकदाही थांबला नाही, म्हणून ‘१०० टक्के भरवशाचा’ असं लिहिलेलं पोस्टर जाणकार बाजूला सारतात. शून्य बिघाड दिसले तर ९५ टक्के खात्रीने बिघाडाचं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं, याचा ढोबळ नियम म्हणजे ३ भागिले रनची संख्या. १०० रन निर्विघ्न झाले तर वरची मर्यादा ३ टक्के. १ टक्क्याच्या आत असल्याचा दावा करायला ३०० लागतात. २० रननंतर ती मर्यादा या नियमाने १५ टक्क्यांवर (नेमक्या हिशोबाने सुमारे १४) असते. आकडा मोठा दिसला तरी तोच छापा.

बिघाडाची व्याख्या मोजणीआधीच ठरवा. माणसाला उठून यंत्राला हात लावावा लागला की बिघाड, ही व्याख्या सोपी आणि प्रामाणिक आहे. लॉगमध्ये वेळ, पायरी, कारण आणि रन पुढे चालू करता आला की टाकून द्यावा लागला, एवढं असावं. यातून कारणांचा जो तक्ता निघतो तो प्रेक्षक सीव्हीच्या आलेखापेक्षाही जास्त बारकाईने वाचतात.

रोबोटवर स्क्रीनिंग (एकाच चाचणीत अनेक नमुने तपासणं) चालत असेल तर चाचणीची गुणवत्ता सांगणारा झेड-प्राइम द्या: १ वजा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नियंत्रणांच्या प्रमाण विचलनांच्या बेरजेची तिप्पट भागिले त्यांच्या सरासरींतला फरक. सरासरी १०० आणि १०, विचलन ५ आणि ४ असेल तर १ − २७/९० = ०.७. ०.५ च्या वर असलेली चाचणी चांगली मानतात. मात्र प्रत्येक प्लेटचा झेड-प्राइम वेगळा दाखवा. सगळ्यांची सरासरी काढली की वाईट प्लेट लपतात.

ॲबस्ट्रॅक्ट आणि पोस्टर

व्याख्यानासाठीची मुदत परिषदेच्या कितीतरी महिने आधी संपते, पोस्टरची नंतर. ॲबस्ट्रॅक्टमध्ये निदान तीन आकडे असू द्या, ‘निकाल परिषदेत मांडू’ असं लिहू नका. विद्यार्थी आणि नव्या संशोधकांसाठी स्लासकडे टोनी बी. ॲकॅडमिक ट्रॅव्हल अवॉर्ड आहे, त्याचा अर्ज ॲबस्ट्रॅक्टबरोबरच पाहावा.

पोस्टरचं शीर्षक म्हणजे निकालाचं वाक्य. फलक आडवा की उभा आणि किती मोठा, हे आयोजकांच्या सूचनांतून पाहूनच छपाईला द्या. इथे सवयीने ए-झिरो उभा, ८४१ × ११८९ मिलिमीटर छापला जातो आणि अमेरिकेतले फलक बहुधा आडवे असतात. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको. कापडावर छापलं तर घडी घालून हातातल्या बॅगेत नेता येतं. प्रोटोकॉलची फाइल, लिक्विड क्लास आणि कच्चे आकडे क्यूआर कोडमागे ठेवा, सोबत सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहा. आवृत्ती बदलली की तोच प्रोटोकॉल वेगळं वागू शकतो.

यंत्र घेऊन जायचं असेल तर

अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. रोबोटच्या पॉवर सप्लायवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त प्लग बदलून चालेल. २३० व्होल्टचा व्हॅक्यूम पंप किंवा कॉम्प्रेसर मात्र चालणार नाही, त्यासाठी पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर किंवा तिथलाच पंप भाड्याने घ्या. हॉलमध्ये जमिनीवर गालिचा असतो आणि टेबलं हलतात, म्हणून स्पिरिट लेव्हल सोबत असू द्या. प्रवासात डेकची सर्व ठिकाणं सरकतात, पुन्हा जुळवायला अर्धा दिवस राखून ठेवा. प्रदर्शनाच्या वाय-फायवर भरवसा नको: लायसन्स ऑफलाइन चालतं का हे इथेच तपासा आणि लॅपटॉप केबलने जोडा. डेमोत खाद्यरंग घातलेलं पाणी वापरा, जैविक नमुने नकोत. रन चार मिनिटांपेक्षा लांबवू नका.

तात्पुरती निर्यात म्हणून यंत्र नेण्यासाठी एटीए कार्नेट काढतात. भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते आणि तो जास्तीत जास्त वर्षभर चालतो. यादीत प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लागतो, आणि जे गेलं तेच परत यायला हवं. त्यामुळे वापरून संपणाऱ्या टिप्स आणि प्लेट, वाटायच्या भेटवस्तू त्यात घालता येत नाहीत. त्या वेगळ्या बिलावर पाठवा किंवा तिथेच विकत घ्या. शिक्के चार ठिकाणी लागतात: भारतातून निघताना, तिकडे उतरताना, तिकडून निघताना आणि परत आल्यावर. यातला तिसरा सर्वाधिक चुकतो, कारण परिषद संपल्यावर सगळे घाईत असतात. तो राहिला तर यंत्र तिकडेच विकलं असं धरून कर मागितला जाऊ शकतो.

व्हिसासाठी आयोजकांचं निमंत्रणपत्र ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं कळताच मागवा. अमेरिकेच्या मुलाखतीची तारीख मिळायला कधी कधी महिने जातात.

यंत्र परतल्यावर नेहमीच्या कामाला लावण्याआधी ५० मायक्रोलिटरची एक प्लेट वजनावर आणि २० ची एक रंगावर घ्या. दोन्ही आकडे जाण्यापूर्वीच्या मर्यादेत बसले की नियमित रन सुरू करता येतात. नाही बसले तर आधी टिपची उंची आणि ओ-रिंग पाहा.